ढवळीचं दावं

वाल खाल्ले गेले ते आमच्या वावरातले, आणि चोर ठरलो तेही आम्हीच. असला न्याय आमच्याच गावात होऊ जाणे. अजून सांगायला बसले की तोंडाला कडू पाणी सुटतं.

वावर आमचं म्हणते, पण सातबारा नीलकंठ मास्तरांचा. मास्तर पेणला असतात. हायस्कुलातून रिटायर झाले, बंगला बांधला, आणि इकडे निडी स्टेशनापासून आत आमच्या गावात वाडवडिलांची जमीन राहिली. ती माझे सासरे बाबाजी अर्धेलीनं करतात, त्यांच्या आधी त्यांचा बाप करायचा. पावसाळ्यात भात. भात कापलं की जमिनीत ओल आहे तोवर नांगर घालून कडवे वाल. त्यांना पाणी द्यावं लागत नाही, दवावर येतात. आमचं स्वतःचं म्हणाल तर घरामागची पट्टी, तिच्यात मिरच्या धड होत नाहीत. नवरा माझा, सुजय, रोह्याला कंपनीत शिफ्टला जातो, पण कंत्राटावर. आज बोलावतील, उद्या गेटावरून परत पाठवतील. तेव्हा ते वावर गेलं की घरातला तांदूळ गेला, एवढं ध्यानात ठेवा म्हणजे झालं.

आता डबीचं सांगते.

आमच्याकडे भात झोडून झालं की गुरं मोकळी सुटतात. आजची रीत नाही ती. ज्यानं वाल पेरले त्यानं काट्यांची वई घालायची आणि राखायची. तरी गुरं घुसतातच, आणि मग सकाळी सकाळी बायका पदर खोचून एकमेकींच्या सात पिढ्या काढतात. ही भांडणं मिटवायची म्हणून गेल्या पावसाआधी शहरातली कुठलीशी संस्था आली. पाण्याच्या टाकीवर त्यांनी एक पेटी आणि काठीएवढी अँटेना बसवली, आणि गावातल्या मोठ्या गुरांच्या गळ्यात साबणाच्या वडीएवढी काळी डबी. सिम नको, नेट नको, चार्जिंग नको. थोड्या थोड्या वेळानं डबी टाकीला हाक मारते, चार-पाच कोसांवरूनही ऐकू जाते म्हणे, बॅटरी वर्षानुवर्षं टिकते. टाकीवरची पेटी ते फोनात दाखवते. फोनात गावाचा नकाशा, नकाशात आखलेली वावरं, वावरात गाय शिरली की टुंग वाजायचं आणि मालकाचं नाव यायचं. हे सगळं बघायला आपला निकेश नेमला. पदवी घेऊन दोन वर्षं पारावर बसला होता, त्याला गळ्यात ओळखपत्र मिळालं. झालं, तेव्हापासून तो मान वळवतानासुद्धा सावकाश वळवतो.

डब्यांना नायलॉनचे पट्टे होते. गुरांनी झाडाला माना घासून चार दिवसांत त्यांची लक्तरं केली. मग आमच्या लोकांनी डोकं चालवलं. डबी काढली आणि तारेनं गुंफून टाकली गळ्यातल्या दाव्यात. निकेशनं बघितलं, म्हणाला, "बेस झालं, आता पडायची नाय." मी पण बघितलं, मलाही बेसच वाटलं.

ढवळी आमच्याकडे आली ती दिवाळीनंतर. आमच्या शेजारच्या रघूची गाय. भिंतीला भिंत म्हणतात तसं घर, दोन गोठ्यांच्या मध्ये नुसता काटक्यांचा कुड. त्याला घरावर पत्रे घालायचे होते आणि आम्हाला मनालीसाठी दूध हवं होतं. मनाली माझी लेक, चार वर्षांची. मी तेव्हा माहेरी, हमरापूरला होते. आईचे हात कामातून गेलेत, गणपतीच्या रंगाचं काम सुटत नाही, म्हणून मदतीला गेले होते. परत आले तर गोठ्यात पांढरीशुभ्र गाय उभी, कपाळाला हळदकुंकू, गळ्यात मामंजींनी वळलेलं नवंकोरं अंबाडीचं दावं. मी तिला कुरवाळलं. गळ्यात डबी नाही हे माझ्या ध्यानातही आलं नाही. कशाला येईल? गायीच्या गळ्यात डबी बघायची सवय माणसाला कुठे असते?

निकेशनं मात्र फोनात काम चोख केलं. रघूनं पारावर सांगितलं, ढवळी बाबाजीला दिली. त्यानं तिथल्या तिथे रघूचं नाव पुसून बाबाजीचं घातलं.

मग पौष लागला. वाल कमरेएवढे झालेले, शेंगा भरलेल्या, त्यांचा तो उग्र वास बोटांना दिवसभर चिकटून राहायचा. एक दिवस सकाळी मी टोपली घेऊन शेंगा खुडायला गेले, तर ओढ्याकडची वई आडवी. आत दोन-अडीच गुंठे नुसते चिवडलेले. वेल उपटून चघळून टाकलेले, पानांवर लाळेचे तार, मध्येच शेणाचा पो, अजून वाफ निघत होती. दवानं लुगडं पोटरीपर्यंत भिजलं होतं आणि मी त्या शेणाकडे बघत तशीच उभी. रडू आलं नाही, शिवी आली.

घरी येते तर अंगणात निकेश.

"वैनी, बाबाजींस सांगा, गुरं बांधायला शिका म्हणावं."

"आमची गाय गोठ्यात हाय. मी उठले तवा रवंथ करत होती."

"तवा व्हती. रात्री वावरात व्हती. पहाटं परत घरी." त्यानं फोन माझ्या नाकासमोर धरला. हिरव्या चौकोनात लाल ठिपका, खाली लिहिलेलं: ढवळी, मालक बाबाजी. "हा बगा रस्ता. तुमच्या गोठ्यातनं ओढा, ओढ्यातनं वावर."

"आन् दार कुनी उघडलं? गायीनं कडी काढली?"

"फोन खोटं बोलत नाय वैनी. मानूस बोलतो."

एवढं बोलून तो गेला आणि तिकडे पेणला मास्तरांना फोन लावला. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. आम्ही गोठ्याला साखळी घातली होती, मामंजी दारात घोंगडी टाकून झोपले होते, तरी सकाळी वावर चिवडलेलं आणि ठिपका आमच्या नावाचा. सुजय शिफ्टवरून आला, बूट काढता काढता म्हणाला, "आबांचा डोळा लागला असंल. फोनवर दिसतंय म्हंजे हायच ना ते." बापाकडे बघितलंसुद्धा नाही. मी त्याच्यासमोर जेवणाचं ताट ठेवलं ते जरा आपटूनच ठेवलं.

बैठक देवळात बसली. मास्तर गाडी घेऊन आले. आल्या आल्या वडखळच्या नाक्यावर किती वेळ अडकले ते सांगितलं, रुमालानं खुर्ची पुसली आणि बसले. मास्तर साठीचे, मामंजी सत्तरीचे. तरी मास्तर त्यांना अरे-तुरे करतात, आणि मामंजी मास्तरांना अहो-जाहो. मला ते कधीच आवडलं नाही, त्या दिवशी तर अंगावर काटा आला.

"बाबाजी, तुझ्या वडिलांपासून तुमच्याकडे जमीन आहे. कधी बोललो मी?"

"नाय मास्तर."

"मग हे काय? पीक निम्मं माझं आहे. माझ्या वाट्याचं गायीला घालतोस?"

"माझी गाय गेली नाय मास्तर. देवासमोर सांगतो."

"देवाला कशाला मध्ये आणतोस? हे बघ ना." फोन. पुन्हा तो फोन. हातोहात फिरला, ज्यांना वाचता येत नाही त्यांनीही चष्मा लावून बघितला आणि हं हं केलं.

मग मास्तर म्हणाले, गाय आणा. मी आणली. सगळ्यांनी बघितलं, गळ्यात नुसतं अंबाडीचं दावं.

"डबी कुठे आहे?" मास्तरांनी विचारलं.

मामंजींनी मान वर केली आणि रघूकडे बघितलं. रघू खांबाला टेकून बसला होता. तोंडात तंबाखू, हातात काडी, काडीनं फरशीच्या फटीतली माती उकरत होता.

"डबी माज्याकडं नाय," मामंजी म्हणाले.

"मग कुणाकडे?"

"ज्याच्याकडं हाय त्यानं सांगावं."

"कोडी घालू नकोस. काढून फेकलीस ना? चोरी पकडली जाते म्हणून काढून फेकलीस."

मामंजी पुन्हा रघूकडे बघत राहिले. सगळं देऊळ तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेलं. रघूनं काडी मोडली, बाहेर जाऊन पिंक टाकली आणि परत येऊन त्याच जागी बसला.

मग झडती. होय, झडती! मास्तरांनी निकेशला पाठवलं, मागून अर्धं गाव. गोठ्यातला पेंढा उपसला, गव्हाण उलटी केली, तांदळाच्या कणगीत कोपरापर्यंत हात घातले. माझ्या लुगड्यांच्या बोचक्यातसुद्धा बघितलं कुणीतरी. मनाली माझ्या मांडीला बिलगून बघत होती. आणि रघूची बायको सरू, पदर तोंडात धरून, "अगो बया, अगो बया," करत सगळ्यांत पुढे. सापडणार काय होतं? काही नाही. मास्तर म्हणाले, "उद्यापासून वावर रघू बघेल. पुढच्या सालीही तोच करेल." रघू म्हणाला, "तुमी म्हनाल तसं मास्तर." एवढंच बोलला. त्या पूर्ण बैठकीत एवढंच.

नांगरलं आम्ही. पेरलं आम्ही. वई घालताना माझ्या हाताला काटे मोडले ते अजून आत होते, आणि शेंगा खुडायला सरू. मी अंगणातून बघायची, ती टोपली डोक्यावर घेऊन जायची आणि यायची. एकदा ओंजळभर शेंगा घेऊन दारात आली. म्हणाली, "पोरीस दे गो. बारकी हाय, तिचा काय दोस?" असली शिसारी आली मला! आमच्याच घामाच्या शेंगा आमच्याच पोरीला भीक म्हणून! मी त्या घेतल्या आणि तिच्यासमोर ढवळीपुढे टाकल्या. "खा बाई," म्हटलं, "तुझं नाव झालंच हाय, आता खाऊन घे." सरू पांढरीफटक पडली. मला वाटलं, माझ्या बोलण्यानं पडली.

घरात मामंजींनी वेगळंच आरंभलं. बैठकीच्या दुसऱ्या दिवसापासून चहा कोरा मागायला लागले. दूध नको, साखरही नको. मी म्हटलं, घरात गाय आहे, कोरा कशाला? "नको गो," म्हणाले, "घशाखाली उतरत नाय." जेवणात दही वाढलं तर वाटी हातानं बाजूला सारली. मला वाटलं म्हातारं रुसलंय. जेवढं सुचतं तेवढंच वाटतं माणसाला. दिवसा ते लोकांच्या कुंपणाच्या कामाला जायचे, रोजावर. ज्यांनी कणगीत हात घातले त्यांच्याच वईला काटे बांधायचे, आणि पाय धुऊन गोठ्याच्या उंबऱ्यावर बसायचे. पायांच्या भेगांत माती तशीच राहायची.

शनिवारी मला राहवलं नाही. ते दोरीला पीळ देत बसले होते. मी समोर जाऊन बसले.

"मामंजी, मला एक सांगा. डबी कुठं हाय?"

"जिथं दावं तिथं डबी."

"आन् दावं?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी आजच सासरी आलेय. "दावं कुनी देतं काय गो गायीसंगती? तुझ्या बापानं बैल इकला तवा दावं दिलं व्हतं?"

नव्हतं दिलं. कुणीच देत नाही. जनावर विकलं की विकणारा आपलं दावं सोडून घेतो. जनावर जातं, दावणीची लक्ष्मी घरात राहते. घेणारा आपलं दावं घेऊन जातो. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि डबी आम्हीच, शहाण्यांनी, दाव्यात गुंफलेली.

रघूनं दावं सोडून घेतलं, घरी नेलं आणि आपल्या कालवडीच्या गळ्यात बांधलं. डब्या वाटल्या तेव्हा ती वासरू होती, तिला मिळालीच नव्हती. आता ती गाभण राहण्याजोगी झाली होती, आणि रघूची खोड अख्ख्या गावाला माहीत, पेंढा वाचवायला रात्री जनावर सोडून द्यायचं. चरायची रघूची कालवड, नाव यायचं ढवळीचं, मालक बाबाजी. परतायची ती कुडापलीकडे, आणि ठिपका म्हणायचा आमचा गोठा. पाच-पन्नास पावलांचा फरक त्या डबीला कळतच नाही, हे निकेशच पहिल्या दिवशी बोलला होता.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

"तुमाला ठाव व्हतं? देवळात बसला तवा ठाव व्हतं? आन् बोलला नाय?"

"काय बोलू? रघू, तुझं दावं दाखव म्हनू? दावं मागनं म्हंजे त्याची दावन मागनं. भरल्या देवळात?" त्यांनी दोरीला पीळ घातला. "त्यानं आपल्या तोंडानं सांगाया पायजे व्हतं. मी त्याच्याकडं बगत व्हतो ना."

"तो जमीन उकरत व्हता मामंजी! त्याला वावर मिळत व्हतं!"

ते पुन्हा दोरीला पीळ देऊ लागले. मला त्यांचा राग आला, खरं सांगते. रघूचा जेवढा, तेवढाच त्यांचाही. आणि मग सगळ्या गावाचा. कारण बाकीच्यांना काय ठाऊक नव्हतं? दावं विकणाऱ्याकडे राहतं हे त्या देवळात बसलेल्या एकाला सुचू नये? सुचलं असणार. निदान चौघांना तरी सुचलं असणार. पण मास्तरांच्या फोनासमोर कोण बोलतो! चाललंय ते चालू दे, आपली कणगी नाही ना उपसत.

रविवारी मास्तर पेणचे पाहुणे घेऊन आले, पोपटी खायला. वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे मडक्यात भरायचे, भांबुर्ड्याचा पाला तोंडाशी कोंबायचा आणि मडकं उपडं घालून वर जाळ करायचा. शेंगा अर्थातच त्याच वावरातल्या. वावराच्या कडेलाच त्यांनी जाळ केला. रघू लाकडं घालत होता, निकेश पाहुण्यांना टाकीवरची पेटी दाखवत होता. उन्हं कलली होती.

मी रघूच्या गोठ्यात शिरले. कालवड बांधलेली. गळ्यात जुनं काळपट दावं, दाव्यात तारेनं गुंफलेली डबी. त्या दाव्याला सात वर्षांच्या ढवळीचा वास होता. मी गाठ सोडायला लागले तशी सरू आतून धावत आली.

"अनिता! दाव्याला हात नको लावू गो! घरची लक्ष्मी हाय!"

"तुमच्या लक्ष्मीनं आमचं घर खाल्लं, सरू. तुला ठाव व्हतं ना?"

ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. "हे म्हनाले, गप ऱ्हा." मग रडायला लागली. मला तिची दया यायला हवी होती, आली नाही. मी दावं घेतलं आणि स्वतःच्या गळ्यात घातलं. मंगळसूत्रावरून ती राठ, तेलकट दोरी मानेला घासत होती, डबी छातीवर आपटत होती. तशीच वावरात गेले. वई ओलांडताना लुगडं फाटलं. वालांच्या मधोमध जाऊन उभी राहिले.

आणि काहीच झालं नाही. डबीला हाक मारायला वेळ लागतो ना. मी आपली उभी. वेलांत किडे, पायाला खाज. पलीकडून पोपटीचा खमंग वास येत होता, पाहुण्यांतली एक बाई हसत होती. जाळाच्या धुरापलीकडे त्यांना मी दिसत नव्हते. एकदा वाटलं, काय हे माकडचाळे, घरी जावं. पण गेले नाही.

मग टुंग वाजलं. निकेशचा फोन, पाठोपाठ मास्तरांचा.

"बघा! बघा म्हणजे पटेल!" मास्तर पाहुण्यांना ओरडून सांगत होते. "ढवळी, मालक बाबाजी! आत्ता, भर दिवसा! रघू, काठी घे!"

सगळे धावले. रघू काठी घेऊन पुढे, मागून निकेश फोनात बघत, मागून मास्तर धोतराचा सोगा धरून, मागून पाहुणे. रस्त्यानं जाणारे दोघे-तिघेही आले. वालांत येऊन थबकले आणि गाय शोधायला लागले. मी समोर उभी, आणि हे माझ्या आजूबाजूला गाय शोधताहेत. निकेश तर फोनात बघत बघत माझ्या अंगावरच आला.

"कुटं हाय?" तो म्हणाला.

"ही काय," मी म्हटलं. "हाकला ना. मीच खाते तुमचे वाल. फोन खोटं बोलत नाय ना?"

रघूला सगळ्यांत आधी कळलं. त्याच्या हातातली काठी खाली आली.

"अनिता, हा काय तमाशा आहे?" मास्तर म्हणाले.

"तमाशा तुमी केलात, भरल्या देवळात. हे दावं कुणाचं ते रघूला इचारा. आत्तापरेंत ते कुणाच्या गळ्यात व्हतं ते पन इचारा."

कुणी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती, सगळ्यांनी ते जुनं दावं बघितलं आणि सगळ्यांना सगळं उमगलं. किंवा आधीच उमगलेलं आता उघडं झालं. पाहुण्यांतल्या बाईनं मास्तरांना हळूच विचारलं, "काय झालं हो?" आणि मास्तर म्हणाले, "काही नाही, गावातलं आपसातलं आहे." आपसातलं! आमच्या कणगीत हात घातला तेव्हा आपसातलं नव्हतं.

तेवढ्यात मामंजी आले. कुणीतरी बोलावलं असणार. कामावरून तसेच आले, हाताला काट्यांचे ओरखडे. मास्तरांनी घसा साफ केला.

"हे बघ बाबाजी, यंत्राची चूक नाही, नोंदीची चूक झाली. निकेशनं बघायला हवं होतं. झालं ते झालं. रघूही आपलाच आहे. आता असं करू, वावर दोघं निम्मं निम्मं करा. म्हणजे कुणालाच वाईट वाटायला नको."

"बराबर हाय," मागून कुणीतरी म्हणालं. लगेच! देवळात मुके झालेले सगळे आता पोपटासारखे बोलायला लागले. मिटवा, शेजारी हायत, मिटवा. पोपटी करपेल म्हणून एकजण जाळाकडेही गेला. मी मामंजींकडे बघत होते. हात जोडतील, मला वाटलं. आयुष्यभर जोडले, आताही जोडतील.

ते माझ्यापाशी आले. माझ्या गळ्यातलं दावं त्यांनी दोन्ही हातांनी सावकाश काढलं, जसं गायीच्या शिंगांतून काढतात तसं, मला कुठे लागू नये असं. मग रघूसमोर गेले.

"तुझं दावं. घे."

रघू हात पुढे करेना. मामंजींनी ते त्याच्या खांद्यावर ठेवलं.

"रघू, मी तुझ्याकडं बगत व्हतो. तू माती उकरत व्हतास."

"बाबाजी, चुकलं…"

"चल, घरी चल. तुझी गाय घेऊन जा."

"गाय?" रघू म्हणाला. "इकली मी ती. पैसं घेतलं."

"पैसं तुझं तू बघ. ठेवायचं तर ठेव. त्या दिसापास्नं तिचं दूध माज्या घशाखाली उतरत नाय. तुझ्या दावनीचं हाय ते." मग मास्तरांकडे वळले. "मास्तर, निम्मं नको. वाल आमी पेरलं, आमीच काडू. तुमचा वाटा घरपोच करू. मंग वावर तुमचं तुमाला. पुढच्या साली दुसरा बगा."

"अरे, असं तोडून काय बोलतोस? तुझ्या बापापासून…"

"तेच ना," मामंजी म्हणाले. "बापापास्नं."

त्यांनी पहिल्यांदा मास्तरांकडे पाठ केली आणि चालायला लागले.

खरं सांगू? तांदूळ गेला, दूधही गेलं. म्हाताऱ्यानं एका दमात घर धुऊन दिलं असं वाटलं, आणि त्याच दमात वाटलं, बरं झालं, सगळं गेलं तर गेलं, ती घाण तरी गेली. दोन्ही वाटलं. अजूनही दोन्ही वाटतं.

गोठ्यात मामंजींनी ढवळीच्या पाठीवरून हात फिरवला. मी कुंकू आणलं, तिच्या कपाळाला लावलं. मनाली विचारत होती, गाय कुठे चालली? मग मामंजींनी आपलं अंबाडीचं दावं सोडलं आणि हातात गुंडाळून घेतलं. रघूनं आपलं जुनं दावं तिच्या गळ्यात घातलं, तेच, डबीसकट. गाठ त्याला बसेना. कुणी मदत केली नाही. ढवळी मुकाट त्याच्या मागोमाग कुडापलीकडे गेली. निकेश वाटेत फोन घेऊन उभाच होता, नाव बदलायला.

सुजय शिफ्टवरून आला, त्यानं रिकामा गोठा बघितला. मी सगळं सांगितलं. त्यानं बापाच्या पायांवर पाणी घातलं आणि भेगांतली माती हातानं धुतली. बोलला असता तर मी ऐकून घेतलं नसतं.

मामंजींनी दावं खुंटीला टांगलं. गोठ्यात दुसरं काही नाही. मी चूल पेटवून चहा ठेवला. दूध नव्हतंच, कोराच गाळला आणि त्यांच्यापुढे कप सरकवला.

त्यांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

"साखर घाल गो जरा," म्हणाले.